चार सुया आणि आबांचे पायमोजे

लागण, खोडवा, माती परीक्षण या विषयांवर आमच्यापेक्षा जाणकार मंडळी या पानांतून लिहीत असतात. आमचा विषय त्या मानाने किरकोळ, म्हणजे पायमोज्यांचा आहे. पण थंडीच्या दिवसांत रात्री उसात दारे धरणाऱ्या प्रत्येकाला तो लागू पडतो, म्हणून संपादकांकडून थोडी जागा मागून घेतली.

आमच्या घरात विणकामाचे खाते सौभाग्यवतींकडे. शाळेत शिवणाच्या तासाला बाईंनी सुया हातात दिल्या, त्या आजतागायत सुटल्या नाहीत. दूध तापेपर्यंत दोन फेरे, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तीन, नातू मांडीवर झोपला की त्याच्या डोक्यावरून हात पुढे काढून आणखी चार. गव्हाच्या डब्यावर लोकरीचा गुंडा ठरलेला. आम्ही एकदा हिशेब मांडला, की मोठ्या माणसाच्या एका जोडाला सुमारे १०० ग्रॅम लोकर लागते, पंधरा दिवस जातात, आणि बाजारात तयार जोड टांगलेले असतात. "अगं, हा धंदा एफआरपीलासुद्धा परवडायचा नाही," असे आम्ही म्हणालो. त्यावर मान वर न करता उत्तर आले, "तुम्ही पारावर बसून जेवढं बोलता, तेवढ्यात माझी एक टाच वळून होते." पुढे आम्ही हिशेब मांडला नाही.

आता मूळ गोष्ट. जानेवारी २०१९ मध्ये आमच्या पंपाच्या विजेची रात्रपाळी चालू होती. आम्ही तापाने पडलो होतो, म्हणून आबा पाणी पाजायला गेले. वय ७६, मधुमेह जुना. साखर कारखान्याच्या सभासदाला साखरेचाच आजार, असा विनोद ते स्वतःच करायचे. पहाटे परत आले तेव्हा पाय गार पडले होते. चुलीपाशी बसून त्यांनी पाय शेकले. चटका बसला नाही, म्हणून आणखी जवळ नेले. सकाळी सौ. चहा द्यायला गेल्या, तेव्हा डाव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड दिसला. आबांना त्याचा पत्ताच नव्हता.

जुन्या मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू कमी होते. काटा मोडला तरी कळत नाही आणि विस्तव लागला तरी कळत नाही. हे आम्हांला दवाखान्यात गेल्यावर समजले. दीड महिना मलमपट्टी चालली. मध्यंतरी डॉक्टरांनी "बोट काढावं लागेल काय, ते आठ दिवसांनी बघू" असे सांगितले, तो आठवडा आमच्या घराने कसा काढला ते आम्हांलाच ठाऊक. बोट वाचले. निघताना डॉक्टर म्हणाले, अनवाणी फिरू नका, पाय रोज बघा, शेकू नका, आणि मोजे घाला. पण वरून घट्ट नकोत, आत शिवण नको, आणि रंग फिका असू द्या, म्हणजे जखम झाली तर डाग लगेच दिसेल.

बाजारात शोधले. मिळाले ते एक तर काळे, नाही तर पिंडरीला करकचून बसणारे. सौ.नी मग आबांना कागदावर उभे केले आणि पेन्सिलीने पाऊल आखून घेतले.

"काय गं सूनबाई, मोजणीखात्यात लागलीस व्हय?"

"पाय हलवू नका, आबा. हद्द चुकंल."

ज्या घरांत सुया चालतात, त्यांच्यासाठी मोज्याची रीत थोडक्यात देतो. मध्यम जाडीची लोकर आणि दोन्ही टोकांनी विणता येणाऱ्या चार सुया घ्याव्यात. एकूण ४८ टाके घालून तीन सुयांवर सोळा-सोळा वाटावेत. चौथी सुई विणायला. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी घेतली की मोजा पायाला धरून राहतो, पण आवळत नाही. पट्टी झाल्यावर पिंडरीचा भाग सरळ सुलट विणत यावे. टाचेसाठी निम्मे म्हणजे २४ टाके वेगळे घेऊन २४ ओळी विणायच्या, बाकीचे २४ तसेच थांबवून ठेवायचे. मग मधून सुरुवात करून ओळीगणिक एकेक जोडी एकत्र विणत गेले की २४ चे १४ टाके राहतात आणि सपाट पट्टीची वाटी होते. ही वाटी म्हणजे टाच. तिच्या दोन्ही कडांनी बारा-बारा टाके उचलायचे, थांबवलेले २४ मिळवायचे, बेरीज ६२. एका फेऱ्याआड दोन टाके कमी करत सात वेळा गेले की पुन्हा ४८. हिशेब जुळला तर मोजा जुळला. पुढे सरळ विणत जावे आणि पावलाची लांबी दोन इंच उरली की एका फेऱ्याआड चार टाके कमी करत १६ वर आणून, शिवणीचा उंचवटा न येऊ देता, सुईने बंद करावे.

लोकरच का? लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा दमटपणा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पण आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, ती घोंगडीला उत्तम आणि कातडीला टोचणारी. मोज्याला मऊ लोकरच हवी. ओल्या पायाचे दुखणे जगालाही नवे नाही. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात चिखलपाण्याच्या खंदकांत उभे राहून सैनिकांचे पाय सडू लागले, तेव्हा पाय कोरडे करून मोजे बदलण्याची शिस्त लावावी लागली, आणि घरोघरच्या बायकांनी आघाडीसाठी मोजे विणले. मोजे विणण्याचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ मध्येच केले होते, तरीही हातातल्या सुया थांबल्या नाहीत.

तर आबांचा जोड तयार झाला, सायीच्या रंगाचा. आबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "म्हातारपणी हे शाळकरी पोराचं सोंग कशाला?" मोजे खुंटीवर गेले. सौ. काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे आम्ही उठलो तर खुंटी मोकळी आणि आबांच्या वाकळेतून दोन पांढरी टोके बाहेर आलेली.

खरी अडचण मोज्यांची नव्हतीच. पुढच्या हंगामात रात्रपाळी आली तेव्हा आबा पुन्हा खोरे घेऊन निघाले. आम्ही आडवे गेलो. शब्दाला शब्द वाढला. "दारं धरायचं सोडलं, तर माझं काय ऱ्हायलं?" असे ते म्हणाले, आणि आम्हांला उत्तर सुचेना. सौ. लोकरीची लडी घेऊन आल्या. "आबा, जायचं तर जावा, पर ही लडी गुतलीया. एवढी सोडवून द्या आन् मग जावा." आबा ओट्यावर बसले. ज्या हातांनी आयुष्यभर दावी आणि नाडे वळले, त्यांना लडीची गाठ काय अवघड? पण गुंता मोठा होता. तो गुंता आपोआप झाला होता, असे आम्ही अजून मानतो. गुंडा होईपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले. आबांनी खोरे उचलले आणि आमच्या हातात दिले. "वरच्या सरीला पाणी दमानं सोड. बांध कच्चा हाय." तेव्हापासून खोरे आमच्याकडे आणि लोकरीचे गुंडे करण्याचे खाते आबांकडे.

आम्हीही सुया शिकलो. कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरचा नंबर लागेपर्यंत चार-चार तास जातात. तेवढ्यात पट्टी होते. मंडळी हसली. एकाने विचारले, "ह्याला उतारा किती पडतो?" आम्ही म्हणालो, "टाका गळाला तर शून्य." खरेच आहे; एक टाका सुटला तर खालपर्यंत शिडी उसवत जाते, आणि सुटलेला लगेच उचलला तर कोणाला कळतही नाही.

मागल्या हंगामात उरलेल्या लोकरीतून सौ.नी दोन बोटांएवढे मोजे केले. आमच्या फडावरच्या टोळीत एक चार महिन्यांचे लेकरू होते. कोपीत रात्री वारा चहूकडून येतो. त्या बाईने मोजे घालून पाहिले, लेकराचे पाय हातात धरून हसली. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात हिरव्या वाढ्याची पेंडी. फुकट घेणार नाही, असा निरोप होता. सौ.नी पेंडी ठेवून घेतली आणि लगेच टोपऱ्याचे टाके घातले.

शेवटी एवढीच विनंती. पाण्यावरून आल्यावर पाय धुवा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, म्हणजे चिखल्या होत नाहीत. भेगांना कोकमतेल लावा, पण जखम दिसली तर डॉक्टरांकडेच जा. मोजा हे औषध नव्हे. गार पाय विस्तवाशी नेऊ नका. घरात मधुमेहाचा वडीलधारा माणूस असेल, तर त्याचे तळवे रोज उजेडात तुम्हीच बघा. तो स्वतः सांगणार नाही, कारण त्याला कळणारच नाही.

आबांच्या तिसऱ्या जोडाची टाच कालच वळली. डावा झाला आहे, उजवा सुईवर आहे.