उतारवयातला मंत्रचळ : किती आणि कुणाला?

मोठ्या आत्याचं सोवळं हा आमच्या घरात कौतुकाचा विषय होता. पहाटे चारला ती न्हाणीघरात शिरे, ती सहाला बाहेर येई. बाजारातून आलेली नाणी धुऊन वाळत घालायची, नळाची तोटी आधी धुवायची, मग हात, मग पुन्हा तोटी. हाताच्या भेगांना रात्री खोबरेल तेल लावताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. त्याचं कारण मात्र कुणी विचारलं नाही. वयाच्या ७४व्या वर्षी पहाटे मोरीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. रुग्णालयात खाटेवर पडल्यापडल्या हात धुता येईनात म्हणून ती रडू लागली, तेव्हा एका तरुण डॉक्टर मुलीने विचारलं, "आजी, हात धुतले नाहीत तर काय होईल असं वाटतं?" आत्या बऱ्याच वेळाने म्हणाली, "काही होणार नाही, हे कळतं गं मला. पण थांबवताच येत नाही."

पन्नास वर्षांत हा प्रश्न आम्ही कुणी तिला विचारला नव्हता.

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा : आत्यासारखी वयस्क माणसं किती असतील?

या आजाराला डॉक्टर ‘ओसीडी’ म्हणतात. आपल्याकडे ‘मंत्रचळ’ हा जुना शब्द आहे. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो आणि त्याने आलेली अस्वस्थता घालवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. नुसतं सोवळं पाळणं म्हणजे मंत्रचळ नव्हे. सोवळं पाळणाऱ्याला ते पाळून समाधान मिळतं. मंत्रचळाच्या माणसाला घटकाभर सुटका मिळते आणि पुन्हा तेच सुरू होतं. दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ त्यात जात असेल, किंवा त्यामुळे त्रास होत असेल, रोजची कामं अडत असतील, तर तो आजार धरतात.

आता आकडे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पाच ठिकाणी अठरा हजारांहून अधिक प्रौढांची मोठी पाहणी झाली. मागच्या महिन्याभरात हा आजार असलेले लोक एकूण प्रौढांत सुमारे १.३ टक्के, तर ६५च्या पुढे ०.८ टक्के आढळले. तिथेच २००१ ते २००३ या काळात झालेल्या दुसऱ्या राष्ट्रीय पाहणीत ‘आयुष्यात कधीतरी’ हा आजार झालेले लोक ३० ते ४४ या वयोगटात २.३ टक्के निघाले आणि साठीच्या पुढे फक्त ०.७ टक्के.

इथे माझ्यातला मास्तर अडखळला. ‘आयुष्यात कधीतरी’ झालेल्या गोष्टीचं प्रमाण वयाबरोबर वाढेल, फार तर तेवढंच राहील; ते घटेल कसं? ज्याला विशीत गोवर झाला, त्याला साठीतही तो ‘कधीतरी’ झालेलाच असतो.

याची काही कारणं संभवतात. एक, माणसं विसरतात; चाळीस वर्षांपूर्वीचा त्रास मुलाखतीत आठवत नाही. दोन, आजारी माणसं लवकर जातात. डेन्मार्कमधल्या नोंदींच्या अभ्यासात हा आजार असलेल्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट दिसला. तीन, पिढ्यांमध्ये खरोखरच फरक असू शकतो. आणि चौथं कारण मला आत्याकडे पाहून पटलं : प्रश्नच त्यांना लागू होत नाही. ‘यामुळे तुमच्या कामात अडथळा येतो का?’ असं विचारलं असतं, तर आत्या ‘नाही’ म्हणाली असती. तिच्या लेखी धुणं हेच काम होतं, आणि सारं घर त्याभोवती बेतलेलं होतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनडात विनिपेग इथे १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या प्रश्नावलीने ३.१ टक्के लोक आजारी ठरले. जाणकारांनी पुन्हा तपासल्यावर ०.६ टक्केच उरले. म्हणजे मोजणी दोन्ही अंगांनी चुकू शकते. शिवाय काहींचा आजार वयाबरोबर खरोखर ओसरतो. स्वीडनमध्ये गुन्नार स्कूग यांनी १४४ रुग्णांना सुमारे चाळीस वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासलं. ८३ टक्क्यांत सुधारणा होती. पण पूर्ण बरे झालेले फक्त २० टक्के होते.

आपल्याकडे ‘निम्हान्स’ने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यातल्या बारा राज्यांत महाराष्ट्रही नव्हता आणि गोवाही. त्यात नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचत नव्हते. २०११च्या जनगणनेत साठीपुढचे भारतीय दहा कोटींहून अधिक होते. अमेरिकेतलं प्रमाण जसंच्या तसं इथे लागू पडेल असं नाही. पण केवळ अंदाजापुरतं धरलं, तरी आकडा सात-आठ लाखांवर जातो. टक्का छोटा, पण माणसं थोडी नाहीत.

बहुतेकांचा आजार तरुणपणीच सुरू झालेला असतो; निम्म्या रुग्णांत तो एकोणिसाव्या वर्षाच्या आत दिसतो. म्हणून पन्नाशीनंतर तो एकाएकी नव्याने उगवला, तर मेंदूची तपासणी आधी करावी. अर्धांगाचा छोटा झटका किंवा मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास यांतही माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करतो. अशा ऱ्हासात बहुधा मनाची ती तगमग नसते, हा फरक घरच्यांनी डॉक्टरांना सांगावा. वयस्क रुग्णांच्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात मोजत बसणं, वस्तू सारख्या लावणं कमी आढळलं. हात धुणं आणि ‘आपल्या हातून पाप घडलं’ ही भीती जास्त. ही भीती आपल्याकडे भक्तीच्या नावाखाली सहज लपते.

‘गॅस बंद केला का?’ हे पुन्हा पुन्हा पाहणं म्हातारपणी विसराळूपणात जमा होतं. नेदरलँड्समध्ये २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी तरुणांना संगणकावरच्या गॅसशेगडीची बटणं वारंवार तपासायला लावली. त्यांची आठवण बरोबरच राहिली. त्या आठवणीवरचा विश्वास मात्र ढासळला. तपासल्याने खात्री वाढत नाही, घटते. म्हणून ‘आणखी एकदा बघून ये’ म्हणणं ही मदत नव्हे.

उपचार उतारवयातही होतात. भीती वाटते त्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती टाळायची, ही पद्धत लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६मध्ये मांडली. औषधंही आहेत, पण वयस्कांत रक्तातलं सोडियम घटू शकतं, काही औषधांनी हृदयावर परिणाम होतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आत्याचं दोन तासांचं न्हाणं आठ महिन्यांत पाऊण तासावर आलं. पुढे ते पुरतं सुटलं नाही. पण त्या दिवाळीत, कितीतरी वर्षांनी, तिने माझ्या नातवाच्या फराळाच्या ताटलीतली करंजी उचलून तशीच खाल्ली. मग मोरीकडे एकदा पाहिलं, आणि बसून राहिली.