कृष्णधवल चेहऱ्यांतील अरण्य

लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरीस असलेला एक तरुण अर्थतज्ज्ञ कामानिमित्त आफ्रिकेत जाताना पत्नीचा कॅमेरा बरोबर नेऊ लागला. हळूहळू अहवाल लिहिण्यापेक्षा छायाचित्रे काढण्यातच त्याचे मन अधिक रमले आणि १९७३ मध्ये त्याने ती नोकरी सोडली. बँकेत काम करणाऱ्यांना या निर्णयातील जोखीम वेगळी सांगावयास नको. ब्राझीलमध्ये १९४४ साली जन्मलेले सेबास्तियाओ साल्गादो ते हेच.

त्यांचा नावलौकिक झाला तो श्रमिकांच्या कृष्णधवल चित्रांमुळे. सेर्रा पेलादाच्या सोन्याच्या खाणीत चिखलाने माखलेली माणसे त्यांनी १९८६ मध्ये टिपली. १९८९ मध्ये आपल्या धनबादच्या कोळसा खाणींतही ते येऊन गेले. चिखल काय, कोळसा काय, मातीची आणि माणसाच्या त्वचेची छटा या चित्रांत एकच होऊन जाते. रंगीत चित्रात नजर आधी एखाद्या लाल फडक्याकडे धावली असती. येथे ती थेट डोळ्यांपाशी आणि हातांच्या शिरांपाशी पोहोचते.

१९९४ मधील रवांडाचा नरसंहार पाहून मात्र ते शरीराने व मनाने खचले. मिनास जेराइस प्रांतातील आयमोरेस येथे वडिलोपार्जित जमीन होती, तीही वृक्षतोडीने उजाड झालेली. तेथे पुन्हा अरण्य उभारण्याची कल्पना त्यांच्या पत्नी लेलिया यांची. १९९८ मध्ये त्यासाठी दोघांनी ‘इन्स्तितुतो तेर्रा’ ही संस्था स्थापन केली. पुढे वीस लाखांहून अधिक झाडे लावली गेली, आटलेले झरे पुन्हा वाहू लागले.

कॅमेरा पुन्हा हाती आला तो या झाडांच्या सावलीत. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘जेनेसिस’ प्रकल्पात गालापागोस बेटांवरील एक महाकाय कासव त्यांना पाहताच दूर जाऊ लागे. अखेर साल्गादो गुडघे व हात टेकून त्याच्याच उंचीवर आले, तेव्हा कोठे ते थांबले. व्यक्तिचित्रणाचा याहून चांगला पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल असे वाटत नाही.

‘अमेझोनिया’ हे पुस्तक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी यानोमामी, आशानिंका, झोए आदी समाजांची व्यक्तिचित्रे घेताना त्यांनी अनेकदा अरण्यातच एक मोठा कापडी पडदा टांगला. निसर्गाशी असलेले नाते दाखवायचे आणि निसर्गच पडद्याआड करायचा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु घनदाट पानांच्या गर्दीत चेहरा हरवून जातो. पडद्यासमोर तो मोकळा होतो. आणि अरण्य तरी कोठे दूर जाते? डोईवरची पिसे, अंगावरचे रंग यांतून ते माणसाबरोबर पडद्यासमोर येऊन बसतेच. अर्थात यात काही हरवतेही. तेथील लोक अंग रंगविण्यासाठी वापरतात तो तांबडा रंग शेंद्रीच्या बियांचा. आपल्याकडेही हे झाड ओळखीचे आहे. कृष्णधवल चित्रात हा तांबडा रंग गडद राखाडी होतो आणि जेनिपापो फळाच्या काळ्या रंगापासून तो वेगळा ओळखणे कठीण जाते. एका समाजाची रंगभाषा अशी अर्धी मुकी होते, हे साल्गादोंच्या चाहत्यांनीही मान्य करावयास हवे.

त्यांच्यावर झालेली गंभीर टीका मात्र याहून निराळी होती. अमेरिकन लेखिका सुसान सोंटाग यांनी २००३ मध्ये आक्षेप घेतला की, प्रसिद्ध व्यक्तींच्या चित्राखाली नाव असते, पण दुर्बलांच्या चित्राखाली ते नसते. मग ती माणसे केवळ आपल्या व्यवसायाची वा वंशाची प्रतिनिधी होऊन उरतात. स्थलांतरितांवरील चित्रांबाबत हा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे. ‘अमेझोनिया’मध्ये मात्र अनेक व्यक्तिचित्रांखाली त्या व्यक्तीचे नाव छापलेले आढळते. साल्गादो २३ मे २०२५ रोजी पॅरिसमध्ये निवर्तले. हे पुस्तक कोठे पाहावयास मिळाले, तर चित्राआधी खालची ती ओळ वाचून पाहावी.