हाकेला ओ

मूल दोन वर्षांचं झालेलं असतं, आणि नाव घेऊन हाक मारली तर वळून बघत नाही. शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा वाजला की मात्र धावत येतं. म्हणजे ऐकू तर येतंय. बोट दाखवून 'तो बघ काऊ' असं करत नाही. काही हवं असेल तर आईचं मनगट धरतं आणि तिचा हातच त्या वस्तूपर्यंत नेतं. खेळण्यातली गाडी चालवत नाही, उलटी करून तिचं चाक फिरवत बसतं. आजी म्हणते, "अगं, मुलगे उशिराच बोलतात. ह्याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत कुठे बोलत होता?" आजीच्या बोलण्यात माया असते, धीर असतो. पण त्या धीरावर वर्ष-दीड वर्ष निघून जातं, आणि नेमका तोच काळ मोलाचा असतो.

बहुतेक घरांत पहिली तपासणी होते ती कानांची. 'बेरा' नॉर्मल येते, हायसं वाटतं, आणि त्याच संध्याकाळी प्रश्न पडतो की कान चांगले आहेत तर मग हे काय आहे? तिथून रस्ता विकासात्मक बालरोगतज्ज्ञाकडे जातो. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, रक्ताच्या चाचणीत सापडत नाही आणि एमआरआयमध्ये दिसत नाही. जाणकार माणूस मुलाशी खेळतो, त्याला निरखतो, आईवडिलांना बारीकसारीक विचारतो आणि वागण्यातल्या खुणांवरून निदान करतो. अनुभवी तज्ज्ञाला दोन वर्षांच्या सुमारासही ते करता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. यात अजिबात न बोलणारी मुलं आली आणि रेल्वेचं सगळं वेळापत्रक पाठ असलेली, पण मधल्या सुट्टीत एकटी बसणारी मुलंही आली. मुलींमध्ये खुणा अनेकदा झाकलेल्या राहतात, म्हणून त्यांचं निदान आणखी लांबतं.

रिपोर्ट हातात आला की घरात पहिली कुजबुज आईबद्दल सुरू होते. गर्भारपणात ग्रहण पाळलं नाही, नोकरी सोडली नाही, मोबाईल हातात दिला. हा आरोप एकट्या आपल्याकडचा नाही. १९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला आणि ऑटिझमची वैद्यकीय ओळख झाली. त्याच काळात या मुलांच्या आईवडिलांच्या थंडपणाविषयीही लिहिलं गेलं. पुढे शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात आईच्या मायेच्या अभावालाच कारण ठरवलं, आणि एका अख्ख्या पिढीतल्या आयांनी हा ठपका छातीवर वागवला. या ठपक्याला त्या पुस्तकाच्या आधीच उत्तर दिलं होतं ते एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून हा दोष मेंदूच्या जडणघडणीचा आहे, आईचा नाही, हे मांडलं. १९६९ साली पालकांच्या सभेत स्वतः कॅनर यांनी पालकांना दोषमुक्त केल्याचं जाहीर सांगितलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या अभ्यासल्या आणि आनुवंशिकतेचा मोठा वाटा समोर आला. लशीमुळे ऑटिझम होतो हा १९९८ चा दावा अवघ्या १२ मुलांवरच्या निबंधातून आला होता. 'लॅन्सेट'ने तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला. घरात कुणी आईकडे बोट दाखवलं तर हा सगळा इतिहास तिच्या बाजूने उभा आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. शक्यतो सासूने.

आता आधाराबद्दल. आधार म्हणजे खांद्यावर हात ठेवणं असं आपण धरून चालतो. स्वमग्न मुलाच्या घरात आधाराला याहून नेमका अर्थ आहे, आणि त्याचं एक उत्तम उदाहरण आपल्या शेजारी, गोव्यात घडलं. तिथली 'संगथ' ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतली एक तुकडी यांनी मिळून ब्रिटनमध्ये तयार झालेली एक पद्धत दक्षिण आशियाई घरांसाठी बदलून घेतली. स्पीच थेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची आपल्याकडे मुळातच वानवा आहे. तालुक्याच्या गावी तर नावही ऐकू येत नाही. म्हणून त्यांनी तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवलं. कार्यकर्ती घरी येते. आई आणि मूल थोडा वेळ खेळतात, त्याचं चित्रण होतं. मग दोघी मिळून ते पाहतात. कार्यकर्ती काय चुकलं ते दाखवत नाही. मुलाने ज्या क्षणी आईकडे पाहिलं, आवाज काढला, डबा पुढे सरकवला, तिथे ती चित्रण थांबवते आणि विचारते, "इथे तुम्ही काय केलंत?" बहुतेक वेळा उत्तर असतं की आई त्या क्षणी गप्प राहिली होती, थांबली होती. एरवी ती 'हे काय आहे? रंग कुठला? बोल ना बाळा' असे प्रश्न एकामागून एक विचारत असते. प्रश्न थांबले की मुलाला पुढाकार घ्यायला जागा मिळते.

२०१६ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६५ मुलं होती. पालकांचा मुलाशी सूर जुळण्यात स्पष्ट सुधारणा दिसली आणि मुलं आपणहून संवाद अधिक वेळा सुरू करू लागली. सगळीच मोजमापं अनुकूल आली नाहीत, आणि मुलं 'बरी' झाली असा दावाही कुणी केला नाही. तरी मला हा प्रयोग फार मोठा वाटतो. जिच्यावर ठपका ठेवला जात होता त्याच आईला इथे तिच्या हातून नकळत घडलेली चांगली गोष्ट दाखवली गेली, आणि तीच पुन्हा पुन्हा करायला सांगितली गेली. अशी नजर प्रत्येक अंगणवाडीत पोचली पाहिजे.

आता श्रद्धेबद्दल. निदानानंतरचे पहिले काही महिने मराठी घर देवाकडे वळतं. कुलदैवताला जातात, नवस बोलतात, सोमवार धरतात. यात वाईट काही नाही. रात्र रात्र न झोपणाऱ्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईला पहाटे दिव्यासमोर पाच मिनिटं बसून बळ मिळत असेल, तर ते बळ खरं आहे. अडचण होते ती नवसाला मुदत लागते तेव्हा. 'पुढच्या जत्रेपर्यंत बोलू दे' असं मागणं केलं, जत्रा आली आणि मूल बोललं नाही, की पुढचा थांबा देवऋषी असतो. गंडा, अंगारा, कधी चटके. या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. पण मला अधिक भीती वाटते ती पांढऱ्या कोटातल्या आश्वासनांची. स्टेम सेल टोचून ऑटिझम जातो असं सांगून लाखो रुपये घेतले जातात. लोक दागिने मोडतात, जमीन विकतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं आहे. 'पूर्ण बरा करून देतो' असं जो म्हणेल त्याच्या दारातून, तो मांत्रिक असो की डॉक्टर, उठून यावं.

मग श्रद्धा ठेवायची कशावर? या मुलाला समजतं आहे, यावर. न बोलणाऱ्या मुलासमोर आपण त्याच्याबद्दल सर्रास बोलतो: "ह्याला काही कळत नाही हो." अनेकांना कळत असतं, फक्त उत्तर तोंडाने येत नाही. चित्रांची पाटी दाखवून 'पाणी हवं', 'डोकं दुखतंय' सांगणारी मुलं आहेत. मुंबईच्या आयआयटीत बनलेलं 'जेलो' हे ॲप चित्रावर बोट ठेवलं की मराठीतही बोलतं. ॲप वापरलं तर मूल बोलायचा कंटाळा करील अशी पालकांना धास्ती असते. अनुभव आणि संशोधन दोन्ही त्या धास्तीच्या विरुद्ध आहेत. जाहिरातीतलं वाक्य किंवा आरतीची ओळ दिवसभर घोळवणारं मूलही निरर्थक बडबडत नसतं. ती ओळ कधी, कशाच्या वेळी येते हे आठवडाभर टिपून ठेवलं तर बरेचदा तिचा अर्थ लागतो.

घरातल्या देवधर्माचा एक उपयोग मात्र कुठल्या थेरपीच्या पुस्तकात सहसा लिहिलेला नसतो. स्वमग्न मुलाला ठरलेपण आवडतं. संध्याकाळी ठरावीक वेळी दिवा लागणं, तीच रामरक्षा, त्याच चालीत तीच आरती, शेवटी हातावर खडीसाखर: दिवसातली ही अशी गोष्ट आहे की जिचं पुढचं पाऊल मुलाला आधीच माहीत असतं. घंटा वाजवायचं काम त्याला द्या. एरवी एका जागी न बसणारी कितीतरी मुलं आरतीत शेवटपर्यंत उभी राहतात, आणि त्या दहा मिनिटांत घरातले सगळे मिळून एकच गोष्ट करत असतात. टाळांचा आवाज सोसत नसेल तर टाळ नको, देवाला चालतं.

आपल्या परंपरेत आणखी एक आठवण आहे. विदर्भात ऋद्धपूरला तेराव्या शतकात गोविंदप्रभू होऊन गेले. म्हाइंभटाने लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ते मनाला येईल तिथे जातात, मनाला येईल ते खातात, रीतभात पाळत नाहीत. गावातल्या बायाबापड्या त्यांना जेऊ घालतात, त्यांच्यावर जीव टाकतात. महानुभाव पंथीयांसाठी ते साक्षात ईश्वरावतार आहेत. त्यांना आजचं निदान चिकटवणं चूक ठरेल. मला लोभ आहे तो त्या गावाचा. वेगळं वागणाऱ्याला वेशीबाहेर न काढता अंगणात बसवणारं गाव आपल्या भाषेच्या अगदी आरंभीच्या गद्यात आहे.

आजच्या सोसायटीला ते कितपत जमतं? दिवाळीच घ्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांची माळ लागली की कानांवर हात दाबून किंचाळणारं मूल हट्टी नसतं. तो आवाज त्याच्या अंगावर येत असतो. नव्या कपड्यांची जर टोचते, कॉलरमागचं लेबल टोचतं. उटण्याचा वास नकोसा होतो. फराळातली फक्त चकलीच खाल्ली जाते, तीही मोडलेली चालत नाही. अनुभवी पालक आधी तयारी करतात: पहिली अंघोळ, पाहुणे, भाऊबीज यांची चित्रं ओळीने भिंतीवर लावतात, सदरा आठवडाभर आधी धुऊन मऊ करतात, कानांवर घालायचे मफ जवळ ठेवतात, पाहुण्यांच्या गर्दीतून उठून जाता येईल अशी एक शांत खोली राखतात. शेजाऱ्यांनी फटाक्यांची वेळ आधी सांगितली तरी त्या घराची रात्र सोपी होते. आणि बाजारात असं मूल जमिनीवर लोळताना दिसलं तर भोवती कोंडाळं करू नये, आईला सल्ला देऊ नये. तिची पिशवी धरावी.

बापांनाही सांगायचं आहे. ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, बाकावर बहुतेक आयाच बसलेल्या दिसतात. पैसे पुरवले की आपलं काम झालं असं नाही. आठवड्यातला एक दिवस बापाने मुलाला न्यावं, थेरपिस्टकडून शिकावं, आणि त्या वेळात आईने झोपावं. मोठी ताई किंवा धाकटा भाऊ असेल तर त्यांच्यासाठीही एक वेळ राखून ठेवावी. 'तू तरी शहाण्यासारखं वाग' हे वाक्य ती मुलं फार लहानपणापासून ऐकत असतात.

कायद्याचं पाठबळ हळूहळू आलं. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला तो दिल्लीच्या 'ॲक्शन फॉर ऑटिझम'सारख्या पालकांनी उभ्या केलेल्या संस्थांची धडपड चालू असताना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. युडीआयडी कार्ड, न्यासाची एक लाखापर्यंतची 'निरामय' आरोग्य विमा योजना, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ ही दारं त्या प्रमाणपत्राने उघडतात. 'लेकराला शिक्का बसेल' म्हणून पुष्कळ कुटुंबं प्रमाणपत्र काढत नाहीत. काढावं. शाळेने प्रवेश नाकारला तर बोलायला हातात कागद लागतो.

पालकांच्या प्रत्येक बैठकीत शेवटी एकच प्रश्न येतो: आमच्यानंतर काय? मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. अठराव्या वाढदिवसाच्या आधीच कागद जमवायला घ्यावेत. डोंबिवलीजवळ खोणी गावी 'अमेय पालक संघटने'ने बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी 'घरकुल' उभं केलं. ते पालकांनीच उभं केलं, ही गोष्ट दुसऱ्या जिल्ह्यांतल्या पालकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. मृत्युपत्र आणि विश्वस्त निधी यांच्या जोडीला एक वही करावी. मूल काय खातं, काय खात नाही, कशाला घाबरतं, दुखलं तर कसं सांगतं, कुठली औषधं चालू आहेत, कुठली आरती लावली की शांत होतं, कुठला शर्ट कधीच घालत नाही. दर दिवाळीला ती नव्याने लिहावी, आणि एक प्रत मामाकडे किंवा धाकट्या बहिणीकडे द्यावी, समोर बसून वाचून घेऊन.