बाटली आडवी झाल्यावर

दारूबंदीचा विषय यवतमाळला नवा नाही. वर्धा नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात अर्धशतकापासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळातही बंदी हवी म्हणून ‘स्वामिनी’ आंदोलनातल्या बाया रस्त्यावर उतरल्या. गावातलं दुकान हटवायचं तर मतदानाची सोय आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप.

कुलूप एका दिवसात लागतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचे हात थरथरतात, त्याचं काय?

एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत याचं भीषण उत्तर मिळालं. टाळेबंदीत दुकानं बंद होती, आणि सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. दुकान बंद झालं तरी शरीराची मागणी बंद होत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर आणि औषधं. शरीर ताळ्यावर आलं की खरं काम सुरू होतं. ते काम व्यसनमुक्ती समुपदेशकाचं.

उपदेश नव्हे, संवाद

समोरचा म्हणतो, “मी काई बेवडा नाई. थकवा आला की घेतो थोडी.” इथं वाद घातला की माणूस गेला. समुपदेशक साधे प्रश्न विचारतो: कमी करावी असं कधी वाटलं? कुणी टोकलं की राग येतो? नंतर मनाला खातं? सकाळी उठल्याबरोबर लागते? उत्तरं देता देता माणूस स्वतःलाच ऐकू लागतो. सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून यावीत, ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडली.

पुढचा टप्पा घसरण टाळण्याचा. त्यासाठी गावाचं पंचांग ठाऊक हवं. पोळा, लग्नसराई, कापसाचा चुकारा हातात पडतो ती संध्याकाळ, हे सगळे धोक्याचे दिवस. त्या दिवशी कुठल्या वाटेनं घरी यायचं, सोबत कोण असेल, पैसे कुणाकडे ठेवायचे, हे आधीच ठरवतात. घरच्यांशीही बोलावं लागतं. नवऱ्याला न सांगता जेवणात दारू सोडवायचं औषध मिसळणं जिवावर बेतू शकतं, हे बायकोला समजावणंही त्यातच आलं. शिवाय विदर्भात सुपारी-तंबाखूचा खर्रा आहेच. पुढे तोंड उघडेनासं होतं, तरी त्याला कुणी व्यसन म्हणत नाही.

वाट कशी धरायची?

मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. हा सरळ रस्ता. यवतमाळमध्येच सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालय आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशक औषध लिहून देत नाही, ही मर्यादा पहिल्याच दिवशी मनात पक्की करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग, अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रं आणि स्वयंसेवी संस्था इथं काम मिळतं. बऱ्याच जागा कंत्राटी आणि मानधनावरच्या असतात. हे जाणूनच यावं.

पदवीखेरीज आणखी एक शिदोरी असते: स्वतःचा अनुभव. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथं व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे इतरांचा हात धरू लागली. पण केवळ अनुभव पुरत नाही. आपली वाट ती सगळ्यांची वाट नसते, हे शिकायला प्रशिक्षण लागतं.

गरज किती? २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. मदतीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, पण फोन ठेवल्यावर समोर बसायला जवळपास कुणीतरी हवं.

आडवी बाटली जिंकली की गावात गुलाल उधळतो. समुपदेशकाच्या वाट्याला गुलाल येत नाही. चुकाऱ्याच्या संध्याकाळी एखादा ठरलेल्या वाटेनं घरी पोचतो आणि पैसे बायकोच्या हातात ठेवतो, तेव्हा समुपदेशकाचं त्या दिवसाचं काम झालेलं असतं. उद्याचं बाकी असतं.