कोई मासे आणि हौदाचें पाणी

जपानचा ‘कोई’ आज शोभेचा मासा म्हणून मिरवतो. मुळांत तो शेतकऱ्याच्या ताटांतला. निइगाता प्रांताच्या डोंगराळ खेड्यांत हिमवर्षावाच्या दिवसांसाठीं भातशेतीच्या तळ्यांत कार्प मासे पाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांत तांबडीं-पांढरीं पिल्लें निपजूं लागलीं, आणि १९१४ सालच्या टोकियो येथील प्रदर्शनानें तीं शहरांस ठाऊक झालीं.

त्या तळ्यांत चिखलांतले सूक्ष्म जंतू पाणी आपोआप राखीत. सिमेंटच्या नव्या हौदांत तें काम कोणी करावयाचें? आरशासारख्या नितळ पाण्यांत मासे पटापट मरतात, आणि हौशी मालक बुचकळ्यांत पडतो! माशांपासून अमोनिया सुटतो. हें विष डोळ्यांस दिसत नाहीं. त्याचें आधीं नायट्राइट, तेंही विषारीच, आणि मग बरेंचसें निरुपद्रवी नायट्रेट करणारे जंतू गाळणींत वसावयास चार-सहा आठवडे लागतात. तोंवर मासे थोडे ठेवावे, खाणें त्याहून थोडें घालावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांस घातक, तसेंच या जंतूंसही; म्हणून गाळणी नळाखालीं न धुतां हौदाच्याच पाण्यांत विसळावी. पंप रात्रींही चालूं द्यावा, कारण प्राणवायु तुटला कीं मासे आणि जंतू दोघेही गुदमरतात.