एका फेरफाराचा शोध

महसुलाच्या दप्तराशी ज्याचा एकदा तरी संबंध आला आहे, त्यास हे सांगावयास नको की, जमीन तसूभरही न हलता कागदावरच्या एका फेरफाराने तिचा धनी बदलतो आणि ती नोंद चुकीची पडली तर पुढच्या पिढ्यांना कज्जे लढवीत बसावे लागते. मनुष्याच्या पेशीतही असे एक दप्तर असते. तेवीस जोड्यांत बांधलेली शेहेचाळीस गुणसूत्रे म्हणजेच ते होय. आणि त्यातील चुकीच्या फेरफाराचा कर्करोगाशी कोणता संबंध आहे, हे ज्यांनी चिकाटीने उलगडले त्यांत शिकागोच्या डॉ. जॅनेट रोली यांचे स्थान अग्रभागी आहे.

१९६० साली फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाने पीडित रुग्णांच्या पेशींत एक खुजे गुणसूत्र वारंवार आढळले. त्या शहराचेच नाव त्याला मिळाले. परंतु त्याचा हरवलेला अंश गेला कोठे? तो नष्टच झाला असावा, असा समज होता; शिवाय गुणसूत्रांतील अव्यवस्था हा कर्करोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे, असेच बहुतेक विद्वानांचे मत होते.

रोलीबाईंचा जन्म १९२५ चा. वैद्यक विद्यालयाच्या पासष्ट जागांपैकी स्त्रियांसाठी अवघ्या तीन राखलेल्या असल्यामुळे त्यांना प्रवेशासाठी नऊ महिने थांबावे लागले. पुढे विवाह झाला, चार मुलगे झाले, आणि कित्येक वर्षे आठवड्यातून तीनच दिवस काम करण्याचा नेम त्यांनी पाळला. ऑक्सफर्डच्या मुक्कामात त्यांना गुणसूत्रांचा लळा लागला. परत आल्यावर शिकागो विद्यापीठातील लिऑन जेकबसन यांनी एक सूक्ष्मदर्शक, थोडी जागा आणि वर्षाला पाच हजार डॉलर वेतन एवढी तजवीज करून दिली. एवढ्या भांडवलावर ही कारकीर्द उभी राहिली.

१९७० च्या सुमारास क्विनाक्रिन या रंजकद्रव्याने गुणसूत्रांवर फिकट-गडद पट्टे उमटविण्याची युक्ती निघाली आणि एकसारख्या दिसणाऱ्या गुणसूत्रांची ओळख निश्चित पटू लागली. ही युक्ती हस्तगत करून रोलीबाई छायाचित्रे घरी आणीत, जेवणाच्या मेजावर पसरीत आणि एकेक गुणसूत्र कात्रीने कापून जोड्या लावीत. आईला कागदी बाहुल्या खेळण्याचा पगार मिळतो, अशी मुले थट्टा करीत. त्याच मेजावर १९७२ साली, तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांनी आपले तुकडे परस्परांत बदलल्याचे त्यांच्या ध्यानी आले. आणि पाठोपाठ फिलाडेल्फियाचे कोडेही सुटले. ते खुजे गुणसूत्र म्हणजे बाविसावे; त्याचा अंश नष्ट झालेला नव्हता, तो नवव्याच्या टोकाशी जडला होता. १९७३ साली ‘नेचर’मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १९७७ मध्ये पंधराव्या व सतराव्यातील अदलाबदल एका तिसऱ्या प्रकारात सापडली. विशिष्ट रोगात तीच दोन गुणसूत्रे पुनःपुन्हा गुंतलेली दिसू लागल्यावर, हा केवळ परिणाम आहे असे म्हणणे उत्तरोत्तर कठीण झाले.

पुढील दशकात रेणूंच्या पातळीवर उत्तर मिळाले. नवव्यावरील ‘एबीएल’ हे जनुक बाविसाव्यावरील ‘बीसीआर’ला चिकटते, आणि या जोडजनुकापासून तयार होणारे विकर पेशीला वाढीचा हुकूम अखंड देत राहते, तो मागे घेणारे कोणी उरत नाही. शत्रूचा ठावठिकाणा असा नेमका कळल्यामुळे, त्या विकराच्या खाचेत बसून त्याचे काम बंद पाडणारे इमॅटिनिब हे औषध ब्रायन ड्रूकर आदींच्या परिश्रमाने सिद्ध झाले आणि २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या व्याधीत पूर्वी काही वर्षांचेच आयुष्य उरे, तीत आज असंख्य रुग्ण गोळी घेऊन नित्याचा संसार करतात. या औषधाच्या सुधारित रूपाला एकस्व नाकारणारा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी दिला, म्हणून देशी कंपन्यांची स्वस्त गोळी सामान्य रुग्णाच्या आवाक्यात राहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रोलीबाई निवर्तल्या.

रोलीबाईंना १९९८ साली लास्कर पारितोषिक मिळाले, २००९ साली अमेरिकेचे ‘स्वातंत्र्य पदक’ही लाभले, पण त्यांचे खरे स्मारक निराळेच आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा संशय आला की, रुग्ण शिकागोतला असो वा सांगलीतला, त्याच्या रक्ताच्या तपासणीत नवव्या-बाविसाव्याचा फेरफार आहे की नाही, हेच आज प्रथम पाहिले जाते.