मोक्षपट
नीतिकल्पना व परलोककल्पना यांवर आधारलेला एक भारतीय पटखेळ. ज्ञानचौपड, ज्ञानबाजी व परमपद ही त्याची अन्य प्रांतांतील नावे असून सापशिडी हा त्याचाच अर्वाचीन अवतार होय. पट कापडावर किंवा कागदावर रंगविलेला असतो. त्यावरील प्रत्येक घराला एखाद्या गुणाचे, दोषाचे, लोकाचे वा नरकाचे नाव असते. दोन किंवा अधिक खेळाडू आपापली सोंगटी तळाच्या घरापासून चालवितात आणि सर्वोच्च पद जो प्रथम गाठेल तो जिंकतो. शिडी सत्कर्माने होणारी उन्नती दाखविते, तर साप दुष्कर्माने होणारे पतन.

घरांची संख्या सर्वत्र सारखी नाही. जैन पट बहुधा ८४ घरांचे, वैष्णव पट ७२ किंवा १२४ घरांचे, तर सूफी पट १०० घरांचे आढळतात. महाराष्ट्रात वा. ल. मंजूळ यांनी रा. चिं. ढेरे (१९३०–२०१६) यांच्या संग्रहातील ज्या दोन मोक्षपटांकडे लक्ष वेधले, त्यांत ५० घरे आहेत. पहिले घर जन्माचे व शेवटचे मोक्षाचे. सापांना काम, क्रोध, लोभ, मोह, मद व मत्सर ही षड्‍रिपूंची नावे असून शिड्या सत्संग, दया, सद्‍बुद्धी अशा आहेत. फाशांऐवजी सहा कवड्या टाकतात व त्या कशा पडल्या यावरून दान ठरते.

७२ घरांच्या वैष्णव पटाची एक रचना विशेष मार्मिक आहे. तीत वैकुंठ शेवटच्या घरात नसून ६८ व्या घरात आहे. नेमके दान न पडल्यामुळे जो त्याच्या पुढे जातो, त्याला ७२ व्या घरातील तमोगुणाचा साप गिळतो आणि ५१ व्या घरात, म्हणजे पृथ्वीवर, आणून सोडतो. पुढे असलेला खेळाडू अशा रीतीने एका दानात मागे पडतो आणि चुरस अखेरपर्यंत टिकते. येथे एक विसंगतीही दिसते. पट कर्मसिद्धांत शिकवितो. परंतु खेळाडूला निवडीची संधी कोठेच नाही. दयेच्या शिडीवर तो दया केल्यामुळे चढत नाही, कवड्या तशा पडल्या म्हणून चढतो. दान हे प्रारब्धाचे प्रतीक मानले, तर ही विसंगती बरीच सौम्य होते.

मोक्षपट ज्ञानेश्वरांनी (१२७५–१२९६) रचला, अशी महाराष्ट्रात समजूत आहे. परंतु उपलब्ध कालनिर्दिष्ट पट अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. त्यामुळे चार शतकांहून मोठे अंतर केवळ परंपरेच्या आधारे ओलांडावे लागते. सापांची नावे संतवाङ्‌मयाशी जुळतात, एवढ्यावरून कर्तृत्व सिद्ध होत नाही. ती नावे सर्वच संप्रदायांची आहेत. अँड्रू टॉप्सफील्ड यांनी १९८५ मध्ये या खेळाचा पटांच्या आधारे विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला.

वेदान्त कापडावर मांडून डोळ्यांपुढे ठेवण्याची पद्धत मात्र मराठवाड्यात निश्चितपणे होती. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे राहिलेले दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरणाचा विषय सु. ४० फूट लांबीच्या एका पासोडीवर लिहिला. ती खेळण्यासाठी नव्हती आणि मोक्षपटाशी तिचा थेट संबंध जोडता येत नाही. तथापि गहन विषय पसरून पाहता यावा ही दृष्टी दोहोंत समान आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला. तेथील आरंभीच्या पटांवर काटकसर, पश्चात्ताप, आळस, आज्ञाभंग अशी ख्रिस्ती नीतीला मानवणारी नावे होती. पुढे तीही गळाली, केवळ आकडे उरले आणि खेळ बालकांचा झाला. अमेरिकेत १९४३ मध्ये सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या.

संकटांनी भरलेल्या काल्पनिक प्रदेशातून प्रतिस्पर्ध्यांच्या आधी ध्येय गाठावयाचे, ही मूळ कल्पना पाश्चात्त्य देशांत पुढे स्वतंत्रपणे नव्या रूपात दिसते. डेव्हिड मेगारी यांचा ‘डंजन!’ हा १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला पटखेळ त्याचे आरंभीचे उदाहरण होय. यात खेळाडू भुयारातील दालनांत शिरतात, राक्षसांशी फासे टाकून लढतात आणि धन घेऊन आरंभस्थानी परततात. कोणत्या दालनात शिरावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. खोल दालनांत धन अधिक, पण राक्षसही प्रबळ. पात्रांचे सामर्थ्य विषम असल्याने विजयाची अटही विषम ठेवली आहे : साध्या वीराला १०,००० सुवर्णनाणी पुरतात, तर मांत्रिकाला ३०,००० मिळवावी लागतात. मोक्षपटावर सर्वांचे ध्येय एकच असते आणि आरंभही सर्वांचा जन्माच्या घरापासूनच होतो.